तारखेसकट

कोरड्या पुलावर शनिवारी मी चादर अंथरतो.
तिच्यावर सत्तावीस कॅमेरे, डोळे मिटून,
दुपारच्या मांजरांसारखे.
शेजारी तेंगिझ काटेचमचे विकतो,
पलीकडे कुणाच्या तरी आजोबांची पदकं.
तिबिलिसीत जे जे वापरून झालं
ते एकदा या पुलावर येऊन बसतं.

नवशिके मला लांबून कळतात.
ते आधी मेगापिक्सेल विचारतात,
सोयरिकीत आधी पगार विचारावा तसे.
मग झूम. मग गप्प.
मी म्हणतो, हातात धरून बघा,
अंगठा कुठे टेकतो ते बघा.
सेलचं झाकण उघडा, आत हिरवा गंज दिसला
तर पुढे चला, माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका.
चाळीस लारीत चंद्र येणार नाही.
अंगणातलं डाळिंब येईल,
उजेड पाठीशी ठेवलात तर.

नाझिब्रोला आली तेव्हा तिच्या बाहीला पीठ होतं.
तिनं झूम विचारला नाही.
"हा तारीख टाकतो का? फोटोवर, कोपऱ्यात?"

सोलोलाकीत, तिसऱ्या मजल्यावर,
तिच्या भिंतीला भेग आहे.
आधी केसाएवढी होती,
आता वीस तेत्रीचं नाणं तीत अडकून बसतं.
नगरपालिका म्हणते, पुरावा आणा. तारखेसकट.
पोराच्या फोनवर होते चार फोटो.
पोरगा व्रोत्स्वाफला गेला, फोन त्याच्याबरोबर,
भेग इथेच राहिली.

मी तीन काढून दिले.
चंदेरी, देखणा, पण झाकण रबरबँडनं बांधलेलं.
निळा, पाण्याखाली चालतो म्हणे,
म्हणणारा कोण होता आठवत नाही.
आणि काळा, ठोकळा,
दोन साध्या सेलवर चालणारा,
जे कुठल्याही टपरीवर मिळतात.
तिनं काळा तळहातावर जोखला,
भट्टीतून निघालेला पाव जोखतात तसा.
"हा."

आता मला सांगणं भाग होतं.
दुसरं कुणी असतं तर कदाचित नसतं सांगितलं.
याच्या आतलं घड्याळ मेलंय, बाई.
सेल बदलले की हा परत जातो
एक जानेवारी दोन हजार सातला.
दर वेळी. कितीही समजावलं तरी.

ती पुलाखालच्या रस्त्याकडे बघत राहिली.
"त्या दिवशी बर्फ होतं," म्हणाली.
"गिवी शिडी लावून पत्र्यावरचं ढकलत होता,
आणि मी खालून ओरडत होते, सांभाळ म्हणून."
मग लगेच, "किती कमी करशील?"

मी पस्तीस. ती पंचवीस.
अठ्ठावीसवर मिटलं, वर एक कार्ड फुकट.
मेनू, खालचा बाण दोनदा, मी शिकवलं,
तारीख अशी लावायची.
नाहीतर भेगेशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरा.

तीन आठवड्यांनी सेल घ्यायला आली.
छोट्या पडद्यावर दाखवत गेली.
भेग.
भेग आणि वर्तमानपत्र.
शेजारीण लियाना वर्तमानपत्र धरून, मुंडकं कापलेलं.
भेगेत नाणं.
एक पाव, उगाचच, पण छान, खिडकीचा उजेड पाठीशी.

साहेबांनी म्हणे चष्मा पुसून पुसून पाहिलं.
कागदावर ऑक्टोबर, कोपऱ्यात जानेवारी.
"बाई, यात तारखा दोन आहेत."
"दोन्ही खऱ्या," तिनं सांगितलं.
"भेग तेव्हापासून आहे. तुम्ही आत्ता आलात."
मंगळवारी माणूस येतोय, चुना आणि पट्टी घेऊन.

शेवटच्या फोटोत शिडी होती,
पत्र्याला टेकलेली, रिकामी.
स्वच्छ ऊन.
कोपऱ्यात तीच एक जानेवारी.

"इथे तारीख लावायची राहिली वाटतं," मी म्हणालो.

तिनं चार सेल निवडले,
सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले
आणि कॅमेरा फडक्यात गुंडाळला.