रंग: काळी

शेपूट धरायचं काम माझ्याकडे.
वर आणि थोडं डावीकडे, नेवेंका डॉक्टरीण म्हणाली,
आणि हात हलू देऊ नकोस.

बाहेर बुर्या सुटलाय. कार्स्टच्या पठारावर हा वारा
माणसांना छपरावर दगड ठेवायला लावतो.
तबेल्याचं दार दोरीनं बांधलंय, तरी धडधडतंय.
ग्राना मात्र उभ्या उभ्या पेंगते आहे;
सुई दिल्यापासून खालचा ओठ लोंबतोय तिचा
कवळी काढून ठेवलेल्या म्हातारीसारखा.

एकोणीस वर्षांची. पांढरी.
इतकी, की धुक्यातून
नुसते डोळे आणि नाकपुड्या चालत येतात.

शेपटीखाली सात गाठी.
बहुतेक मटाराएवढ्या, एक अक्रोडाएवढी, फुटलेली.
उन्हाळाभर तिच्यावर माश्या बसायच्या
आणि बाबा, कुणाला न सांगता,
डुकराची चरबी चोपडायचे.

नेवेंका बोटानं चाचपते, थांबते,
मग चिरते.
मी रक्ताची तयारी ठेवली होती.
आलं ते काळं.
त्रिएस्तेच्या बाजारातली माकूळ साफ करताना
पिशवी फुटली की ओट्यावर पसरते, तशी शाई.
माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली
आणि मी हात हलवला नाही.

"पांढऱ्या घोड्यांचं असंच," ती म्हणाली.

बाबांनी आत यायचं नाही, असं ठरलं होतं.
ते दाराला पाठ लावून उभे, वाऱ्यासाठी, म्हणे.
तिथूनच बोलतात, भिंतीकडे बघत:
पेंढ्यात पडली तेव्हा कोळशाचं पोतं वाटली होती.
मग दरवर्षी थोडी थोडी उतरत गेली,
आधी डोळ्यांभोवती, मग मान,
गुडघे सगळ्यात शेवटी.
"मी विचारायचो हिला, जातो कुठं गं तुझा रंग?
इथं साठवत होती, बघ."

थर्मासमधून थंड वाफ. जखमेचा तळ
चरचरत गोठतो, क्षणभर पांढरा होतो, परत वितळतो.
पुन्हा एकदा.
सहा निघाल्या. सातवी खोल आहे,
तिच्यात औषध टोचलं, तीन आठवड्यांनी परत टोचायचं.

आणि एक कानाखाली, जबड्याच्या वळणात.
तिला नेवेंकानं नुसता हात लावला आणि काढून घेतला.

"ती पण काढ."
"तिच्या खालून नस जाते, वेंत्सेल.
हा ओठ आत्ता लोंबतोय ना,
तो मग कायमचा तसाच राहील. गवत तोंडातून सांडेल."
"वाढली तर?"
"वाढणारच आहे."

दार धडधडलं. कुणीच काही बोललं नाही.
ग्रानानं एक कान फिरवला, अर्धवट,
बहुधा बाबांकडे.

नेवेंकानं बादलीत हात धुतले, दोनदा,
नखांत राहिलं ते राहिलं.
अक्रोड बरणीत बुडवला, झाकण घट्ट लावलं,
आणि प्रयोगशाळेचा कागद गुडघ्यावर ठेवून
एकेक रकाना विचारत गेली.
नाव. वय. किती वेतं.
"रंग?"

मी तोंड उघडलं होतं.

"काळी," बाबा म्हणाले.

तिनं मान वर करून पाहिलं.
समोर पांढरीशुभ्र घोडी, झोपेत डुलत;
दारात म्हातारा, डोक्यावर टोपी दाबून धरलेला.

पेन थंडीनं चालेना.
तिनं ते तोंडाजवळ नेऊन फुंकलं,
कागदाच्या कडेला दोन वेटोळी काढली,
आणि लिहिलं.