आखाडा बाळापूर

चौकशीच्या खिडकीमागं माईक, माईकमागं मी.
जिंतूर, सेलू, हिंगोली म्हणताना काही होत नाही.
आखाडा बाळापूर म्हणताना मात्र
चारदा आ वासावा लागतो,
आणि कानापुढं काहीतरी म्हणतं
कट्.

आधी वाटलं माईकच गेलाय.
कुंडलिकरावांनी वायर बदलली, फुंकर मारली,
टिचकी मारून बघितली.
मग कानाच्या डॉक्टरनं थेंब दिले.
मळ निघाला. आवाज राहिला.

स्टेशन रोडला, जिना चढून, डॉक्टर नुझहत.
दोन्ही कानांपुढं दोन बोटं ठेवून म्हणाल्या,
उघडा. मिटा. सावकाश.
डाव्या दाढा कधी काढल्या?

एक एकोणिसाव्या वर्षी. दुसरी भरतीच्या धावपळीत.
काढायला तीनशे, वाचवायला साडेतीन हजार.
एवढा हिशेब मला येत होता.

वय?
सव्वीस.
त्यांनी लिहिलं, आणि लिहिलेल्याकडं जरा वेळ बघितलं.

म्हणाल्या, रिकामी जागा रिकामी राहत नाही.
वरची दाढ खाली उतरते, शेजारची कलंडते,
आणि तुम्ही सात वर्षं उजवीकडूनच भाकर चावायलाय.
मला आमची जुनी पाथरी गाडी आठवली,
एका अंगाचे पाटे बसलेली.
चालते. पण वळणावर कळतं.

सगळं दातांमुळंच असं नाही, त्या म्हणाल्या.
रात्री दात खाता का?
कुणावर, मी विचारलं.
त्या हसल्या. मला हसताना दुखलं.

कुंडलिकराव डब्यातून कवळी काढतात,
पाण्यात बुडवतात, बसवतात, वर हुरडा खातात.
"माझे बत्तीसच्या बत्तीस गेले, गड्या,
मला नाही काही दुखायलं.
तुझे तर दोनच!"
काय सांगणार.
सगळे जाण्यात एक समेट असावा.
दोन जाण्यात रोजचं भांडण आहे.

काल संध्याकाळची शेवटची गाडी.
फलाट क्रमांक चार, म्हटलं.
आखाडा बा
आणि जबडा तिथंच थांबला.

भोंग्यातून नुसता श्वास.
गाजराची पाटी घेतलेली बाई वर बघायली,
भोंग्याकडं, जसं आभाळाकडं बघतात.
मग कुणीतरी म्हणालं, बाळापूरच की,
आणि सगळे चढले.

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.
गाडी फाटकाबाहेर वळली, एका अंगावर.
मी हनुवटी तळहातावर घेतली,
डॉक्टरांनी शिकवल्यासारखी, हलकेच.

कट्.

ळापूर, म्हणालो
रिकाम्या फलाटाला.