भरलेलीच समज

टोस्ट एल्डननं असा कुरतडला
की उरली फक्त नळी आणि मूठ.
जॅम लागलेल्या बोटांनी ती माझ्यावर रोखली, म्हणाला,
"ठो!"

मी कॉफीचा मग खाली ठेवला.
"आपल्या घरात माणसावर रोखत नाहीत."
"पण बाबा, हा पाव आहे."
"मग खाऊन टाक."
त्यानं आधी नळी खाल्ली.

मॉन्टानाच्या या टोकाला, पावडर नदीच्या काठी,
नोव्हेंबरात शाळेच्या बसपेक्षा हरणं वेळेवर येतात.
फ्रीजरमध्ये कागदात गुंडाळलेल्या मांड्या,
वर पेन्सिलीनं तारीख.
मीही त्यातलाच. नाही म्हणत नाही.

सहाव्या वर्षी बापानं मला बंदूक दिली,
कुंपणाच्या फळीतून कापलेली.
ती घेऊन वर्षभर त्याच्यामागून चालायचं,
गवतातून, बर्फातून, काटेरी तारेखालून.
तोंड जमिनीकडे. बोट चापाबाहेर.
तार ओलांडताना आधी ती पलीकडे निजवायची, मग आपण जायचं.
चुकून त्याच्या पोटरीकडे वळली
की तो थांबे. ओरडत नसे.
सरळ घराकडे चालू लागे.
"अहो, लाकडाची आहे ती!"
"भरलेलीच समज."
मेला तेव्हा हे दोन शब्द माझ्या नावावर ठेवून गेला,
आणि एक लोखंडी कपाट.

कपाट तळघरात आहे, जमिनीला बोल्ट मारलेलं.
गोळ्या निराळ्या, निराळ्या कुलपात.
किल्ली कुठे असते हे एल्डनला ठाऊक नाही
असं मी बायकोला सांगतो.
मला बापाच्या सगळ्या किल्ल्या ठाऊक होत्या,
पिठाच्या डब्यातलीसुद्धा.

मावशीनं पाठवलेली प्लास्टिकची बंदूक आली,
टोकाला नारिंगी बूच.
दोन दिवसांत त्यानं बुटाच्या पॉलिशनं ते काळं केलं.
का रे?
"खरी वाटत नव्हती."
रॉकेलच्या चिंधीनं मी घासत बसलो.
नारिंगी परत आलं,
पण पूर्ण नाही.

दिसली कुठे, तर काय करायचं?
तो बे एके बे म्हणावं तसं म्हणून दाखवतो:
हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं.
एकही शब्द चुकत नाही.
माझी भीती तीच. पाढे मलाही यायचे,
गणितं तेवढी सुटायची नाहीत.

शनिवारी मॅव्हिस हॉगनकडे सोडायला गेलो.
तिचा नातू रीड आणि हा जिन्यावरून वर पळाले,
मी दारातच, बुटांवरचा बर्फ वितळत.
वीस वर्षांचा शेजार. आमच्या वासराला रात्री हिनं ओढून काढलेलं.
तिला कसं विचारायचं?
दात दाखवा म्हटल्यासारखंच ते.
विचारलं.

ती आधी हसली, मग हसू आवरलं.
"तीन गॅरेजात, कुलपात. चाव्या माझ्याकडे.
आणि एक..."
हातातला लाकडी डाव तसाच राहिला,
कढईत सफरचंदं फुटत होती.
वर धाडधाड पावलं. मग काहीच नाही.

मॅव्हिस सत्तरीची. दोन-दोन पायऱ्या घेत गेली.

मी गॅस बंद केला. का, ते मला सांगता येणार नाही.

खाली आली ती उशीचा अभ्रा घेऊन,
त्यात काहीतरी जड.
"नवरा गेल्यापासून उशाच्या खणात होती.
त्या खोलीत मीच झोपत नाही, म्हणून..."
पुढे बोललीच नाही.
"भरलेली?"
"बघावं लागेल," म्हणाली, आणि बघेना.

मागून दोघं पोरं उतरली, खिशांत गोट्या.
पलंगाखाली लपली होती म्हणे.
कोणत्या पलंगाखाली, ते मी तेव्हा विचारलं नाही.
एल्डननं अभ्र्याकडे पाहिलं,
मग तिच्या हाताकडे.

"बाबा," हळूच म्हणाला,
"आजीचं बोट बाहेर आहे."