पिवळी, मधे रेघ असलेली

सहा वर्षं मी तिलाच ओळखतो.
फिकट पिवळी, मधे रेघ.
दोन्ही अंगठ्यांची नखं टेकवली की टक् करून मोडायची,
अर्धी जिभेवर, अर्धी परत पन्नीत,
उद्याच्या रात्रीसाठी.

यंदा पोळ्यानंतर मोईजच्या दुकानात दुसरी आली.
पांढरी. रेघ नाही.
मोडायला गेलं की भुगा होतो,
एक तुकडा नखाएवढा, एक बाजरीएवढा,
बाकीचा बनियनवर.
मी म्हणलं, ही ती नाही.
तो म्हणला, वहीच है काका, कंपनी बदली,
अंदर का माल वहीच.
आणि चष्मा कपाळावर सारून
पट्टीमागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं:
क्लोनाझेपाम, शून्य पॉइंट पाच.

मला आकड्यांचं सांगू नका.
सेलूच्या मोंढ्यात एकवीस वर्षं मी वजनकाट्यावर बसतो.
कापसाचा ट्रक चढला की पावती निघायच्या आधी
पाटीच्या आवाजावरून मला कळतं
ड्रायव्हर खाली उतरलाय का आतच झोपलाय.

आणि त्या पांढरीवर मला रात्री दोनला जाग यायली.
छातीत कुणीतरी रिकामी बारदानं झटकायलंय तसं.
बायको म्हणली, काय करायलाव अंधारात?
म्हणलं, काही नाही, पाणी पितो.

शेवटी एका दुपारी दोन्ही गोळ्या रुमालात बांधून
उदावंत सोनाराकडं गेलो.
म्हणलं, मोजून दे, कशाच्या ते विचारू नको.
त्यानं चिमट्यानं उचलल्या.
पिवळी एकशे चाळीस मिलिग्रॅम.
पांढरी एकशे सत्तर.
ह्यात औषध किती? त्यानं विचारलंच.
अर्धा.
अर्धा काय?
अर्धा मिलिग्रॅम.
तो हसला नाही. म्हणला,
मग सहा वर्षं तुम्ही पीठच खायलाव की.
फुंकणी खाली ठेवली, जरा थांबला:
आमच्यातही तसंच. सोनं तेवढंच धरा,
पण तांबं कुणी कसं मिसळलं
ते ज्याच्या त्याच्या हाताचं.

परभणीचे डॉक्टर म्हणाले, उन्नीस-बीस होतं थोडं,
विरघळायला कमीजास्त वेळ,
पण गोळीपेक्षा तुमचं गोळीकडं लक्ष जास्त आहे.
हे खरंही असेल.
खरं असलं तरी दोन वाजायचे ते वाजतच होते.

मग एका मंगळवारी मोईजच्या काउंटरला
उर्दू शाळेच्या नुजहत मॅडम उभ्या.
ज्यांच्या एका खाकरण्यानं अख्खं मैदान गप होतं, त्या.
एवढ्याशा आवाजात म्हणत होत्या,
ये पीली नहीं भाई. वो सफेद, बगैर लकीर की.
इस से मेरे हाथ काँपते.

मी खिशातून पांढऱ्या पट्ट्या काढल्या.
त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पट्ट्यांकडं,
मग बाहेर रस्त्याकडं, कुणी बघायलंय का.
मोईज पाठ फिरवून वरच्या फळीवर
काहीतरी हुडकायला लागला
जे तिथं नव्हतं.
पट्टीला पट्टी. तारीख दोघांनी वाचली.
कधीपासून, हे कुणी कुणाला विचारलं नाही.
जाताना त्यांनी पदर सावरला
आणि मैदानातल्या आवाजात मोईजला म्हणल्या,
हिसाब लिखके रखो.

त्या रात्री टक् आवाज झाला.
अर्धी अजून चिमटीत होती,
जिभेपर्यंत पोचलीही नव्हती,
आणि मला जांभई आली.

हे मी डॉक्टरांना सांगणार नाही.

सकाळी काट्यावर गाडी नव्हती.
रिकाम्या पाटीला वारा लागला की
आकडा पाच दाखवतो, दहा दाखवतो, मागं येतो.
मुंजाजी नवा आहे कामावर.
घाबरून म्हणला, काका, वर काहीच नाही,
तरी हलायलंय.
म्हणलं, हलू दे.
एवढ्याला आपण शून्यच धरतो.