आवाजाच्या आधी

वणीच्या टॉकीजला तो पिक्चर लागला
आणि प्रज्वल तीन दिवस ताटावर रुसला.
"आई, तो डोंगराएवढा हाये. शेपटीनं पूल तोडते!"
शनिवारी अंगणवाडीची खिचडी वाटून, पातेलं घासून
मी डोमादादाला विचारलं, म्हणजे दाखवलं :
दोन्ही हात वर, बोटं वाकडी, दात.
तो आत गेला आणि पांढरा शर्ट घालून आला.
पांढरा! आमच्या रस्त्यानं!
काळीपिवळी फाट्यावर पोचेस्तोवर
कॉलर कोळशाची झाली होती.

दादाचे कान तिसऱ्या वर्षी तापात गेले.
रोज अडीचला खाणीत ब्लास्टिंग होते.
त्याआधी भोंगा वाजतो, तो आमच्यासाठी.
दादा कुत्र्याकडे पाहतो.
कुत्रं बाजेखाली शिरलं की उठतो,
फळीवरच्या स्टीलच्या गिलासांवर आडवा हात धरतो,
आणि मग घर हलतं.
आजवर त्याच्या हातून एकही गिलास पडला नाही.
माझ्या हातून सात.

टॉकीजमध्ये पंखे होते, वारा नव्हता.
पडद्याला मधोमध शिवण.
पहिला तासभर चष्मेवाले लोक
हिंदीतून एकमेकांना समजावत राहिले.
मागची पोट्टी ओरडली, "अबे, काढ ना त्याले बाहेर!"
दादानं फुटाण्याची पुडी संपवली, कागद चार घड्या करून खिशात ठेवला,
छतावरची पाल पाहिली.
मीही पाहिली. हिंदी मला येतं, पण तेवढं नाही.

मग अचानक त्यानं चपला काढल्या.
तळवे फरशीवर टेकवले.
माझ्या दंडाला बोट लावून
दोन बोटं चालवून दाखवली, मग मूठ, मोठी,
मग स्वतःच्या छातीवर ती मूठ हळूच आपटली :
येऊन राह्यला.
पडद्यावर तर समुद्र होता, शांत,
आणि एक बाई केस पुसत होती.
"काही नाही," मी मान हलवली.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी प्रज्वलकडे पाहते, तो पाढे चुकतो तेव्हा.

आणि आला.
आधी पाठ, मग पाठच, मग अजून पाठ,
शिवणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
शिट्ट्या, टोप्या, कोणाचा तरी गमछा हवेत.
दहा वर्षांचा घोडा माझ्या मांडीवर येऊन बसला.
इमारती पडत होत्या सुपातल्या पोह्यांसारख्या.
दादा पडद्याकडे कमी
आणि स्वतःच्या पायांकडे जास्त पाहत होता,
हसत होता,
जसं कोणी लहानपणीचं
गर्दीत हाक न मारता भेटावं.

शेवटी फौजेनं त्याला मारलं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही.
दिवे लागले. दादा उठेना.
डोअरकीपर म्हणाला, "काहून जी, रातचा शो पण पाह्यता का?"

रात्री अख्खी गल्ली आमच्या अंगणात.
दादानं गोष्ट सांगितली.
चष्मेवाले त्यानं एका जांभईत संपवले.
समुद्रासाठी माझी ओढणी घेतली.
पण तो जनावर झाला तेव्हा
टाचा उचलून, जपून चालला,
झोपलेल्या लेकरांमधून चालावं तसा.
आणि मेला नाहीच.
ओढणीखाली शिरला, एकदा वळून पाहिलं, गेला.

"मामा, मेला ना तो!"
प्रज्वलनं पाटीवर लिहून दाखवलं : मेला.
दादाला तेवढं वाचता येतं.
त्यानं तळहातानं पाटी पुसली,
पोराचा हात धरला
आणि ओट्याच्या फरशीवर पालथा दाबून ठेवला.
गल्ली घरी जाऊन राह्यली होती.
कोणीतरी विचारत होतं, तिकीट कितीचं.
मीही वाकून हात ठेवला.
आधी काही नव्हतं.
मग होतं.
मग बऱ्याच वेळानं
मोठ्या रस्त्यावर पहिल्या डंपरचा दिवा दिसला.