काटकोन

चन्नप्पा उळ्ळागड्डीची तार आणि माझी.
मधे अठरा पावलं, एक शेवगा,
वडगावच्या मागांची खडखड.
तो कळ दाबायचा
आणि माझ्या कानातला सुमात्र्याचा माणूस
निम्म्या नावातच बुडायचा.

वर्षभर तास वाटून घेतले.
मग एका रविवारी तो शिडी घेऊनच आला.
"टोक माझ्याकडं कर की. तार टोकाला मुकी असतीय."
मी फेराइटच्या कड्या ओवल्या,
त्यानं कन्नडात मोजल्या:
ओंदु, एरडु, मूरु.
सातवी शिडीवरून गटारात गेली.

रात्री त्यानं पूर्ण पॉवर लावली.
माझा काटा हलला,
भिंतीपलीकडं कुणी भांडी
आवरतंय, एवढाच.
सुमात्र्याच्या माणसाचं नाव
आज शेवटपर्यंत ऐकलं.
उळ्ळागड्डीपेक्षा लांब निघालं.