चार बोटे कमी

दर निवडणुकीला दिगूकाका तिला
माधोगंज ठाण्यात जमा करून यायचे,
जुन्या पलंगपोसात गुंडाळून, रिक्षात मांडीवर आडवी,
आणि पावती ठेवायचे पंचांगात.
हवालदार म्हणायचा, पंडितजी, इससे तो कौवा भी न उड़े.
काका म्हणायचे, नियम म्हणजे नियम.

या खेपेला निकालाच्या आत काकाच गेले.
पावती सापडली वैशाखाच्या पानात.
वारसाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं,
नात्याच्या रकान्यात 'पुतणी',
'वापर' या रकान्यापाशी
पेन जरा वेळ थांबलं.

घरात तिची एकच गोष्ट:
महाराजपूरच्या रणात खापरपणजोबांनी
हिच्या एका बाराने गोरा कप्तान घोड्यावरून पाडला.
घोडा कधी पांढरा असायचा, कधी अबलख,
बार मात्र एकच.
दसऱ्याला झेंडूची माळ, हळद-कुंकू,
वर्षांवर वर्षं, थरांवर थर,
इतके की मकसूद मिस्त्रींनी आधी विचारलं,
यह ज़ंग है कि सिंदूर?

जिन्सी नाल्याजवळ त्यांचं दुकान,
आता बहुतेक शिलाई मशिनींचं.
दोन खिळे ठोकून त्यांनी दस्ता सोडवला,
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला.
नळी जुनी, तोड्याच्या बंदुकीची,
पट्टी गुंडाळून घडवलेली, धामणीच्या अंगासारखी.
घोडा मागाहून बसवलेला, टोपीवर चालणारा,
महाराजपूरनंतर दहा वर्षांनी, नाहीतर वीस.
दस्ता शिसवाचा नाहीच. बाभूळ,
कुण्या सुताराने घाईत तासलेली.
आणि नळीखाली, जिथे कुणी पाहत नाही तिथे
एक आकडा, ४१७,
आणि एक अक्षर, 'जि' किंवा 'नि'.

मी मनातल्या मनात
कप्तानाला घोड्यावर परत बसवलं.

मग त्यांनी बांबूची कामटी नळीत सोडली,
तोंडाशी नखाने खूण केली,
काढून बाहेरून नळीला लावून धरली.
चार बोटे कमी.
पुन्हा सोडली.
चार बोटे कमी.
चहावाल्या पोराला हातानेच मागे सारलं,
नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
बेटी, यह तो भरी हुई है.

भरलेली.
खुंटीवर, माझ्या पाळण्याच्या वर.
तिच्या तोंडाला डोळा लावून आम्ही भावंडं
आत अंधार किती लांब जातो ते बघायचो.
आणि काका, रिक्षात, खड्ड्याखड्ड्याला
तिला जरा घट्ट धरत.

तीन दिवस नळीत पाणी.
चौथ्या दिवशी मळसूत्री आकड्याला लागून
आधी आली गोळी, फडक्यात गुंडाळलेली,
गोल, कुठेही न लागलेली.
मग कागदाचा बोळा.
मग काळा चिखल,
त्याला अजून गंधकाचा वास.

बोळा त्यांनी वर्तमानपत्रावर उलगडला, ओल्या पापडासारखा.
मोडी.
आमच्यात मोडी वाचणारे शेवटचे दिगूकाका,
म्हणून महाराष्ट्र समाजातल्या टेंबेकरांकडे गेले.
नव्वदीचे, हात कापतात, डोळा नाही कापत.
तासभर पाहून म्हणाले, वरचं सगळं दारूने खाल्लंय.
तळची ओळ तेवढी शाबूत:
कळावे, लोभ असावा.

कुणाचं, कुणाला?
आलेलं, की धाडायचं राहिलेलं?
ठासताना त्याने ते वाचलं का पुन्हा,
की हाताला लागला तो कागद फाडला,
आणि मग समोर जो कोण होता
त्याच्यावर झाडायचं राहूनच गेलं?
की झाडलं नाही?
टेंबेकर म्हणाले, हे मोडीत नसतं लिहिलेलं.

चमकाऊं? मिस्त्रींनी विचारलं.
मी नको म्हटलं.
जवसाचं तेल, धोतराची चिंधी,
कानापाशी थोडं कुंकू तसंच.
घोडा आता उठतो, पडतो, टक् म्हणतो.
बस.

गोळी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.
बटण शोधताना बोटाला लागते,
जड, थंड,
आणि मी नेमकं कुठलं बटण शोधत होते
ते विसरते.